शेतीपंपाच्या रात्रपाळीस खुले पत्र

शेतीपंपाच्या विजेच्या वेळापत्रकास,

तुम्ही उपकेंद्राच्या भिंतीवर डकवलेला एक कागद आहात. तुम्हाला हात नाहीत, पाय नाहीत, म्हणून चिखलही लागत नाही. उजेडात काम करणाऱ्यांनी अंधारात काम करणाऱ्यांसाठी तुम्हाला तयार केलं. तुमच्यावर दोनच ओळी असतात: अमुक वाहिनीला तीन दिवस दिवसा, चार दिवस रात्री. पाळी बदलली की उलट. महाराष्ट्रातल्या लाखो घरांची झोप या दोन ओळींनी इतकी वर्षं ठरवली. कोणी कधी जागायचं, कोणी कधी जेवायचं, पोराच्या परीक्षेच्या आदल्या रात्री बाप घरी असणार की बांधावर, सगळं तुम्ही ठरवलंत. हे पत्र मी तुम्हालाच लिहिते आहे, कारण आजवर आमच्या तक्रारी माणसांकडे गेल्या आणि प्रत्येक माणसाने तुमच्याकडे बोट दाखवलं.

आधी रात्री काय घडतं ते ऐका. पौषातली थंडी, गहू ओंबीवर आलेला. थ्री फेज साडेदहाच्या पुढे कधीतरी येणार, म्हणून नवाला जेवून माणूस शेतावर जाऊन बसतो. वीज आली की मोटर चालू करायची, पाटाने पाणी सोडायचं आणि दारं धरायला उभं राहायचं. एक वाफा भरत आला की फावड्याने माती ओढून त्याचं तोंड बुजवायचं आणि पुढच्याचं फोडायचं. हे काम बॅटरीच्या उजेडात चालतं आणि दोन्ही हात फावड्यावर, म्हणून बॅटरी काखेत किंवा दातात. तासाभरात पोटऱ्यांपर्यंत पाय बधिर होतात. पाणी शिरलं की बिळातले उंदीर बाहेर पडतात आणि उंदरांमागे साप येतो. घोणस पालापाचोळ्याच्या रंगाची असते, दिवसाही चटकन दिसत नाही. मण्यार तर चावली तरी अनेकदा दुखत नाही. माणूस घरी येऊन झोपतो आणि पहाटे त्याच्या पापण्या उघडत नाहीत.

भारतातल्या सर्पदंशाच्या मृत्यूंवर 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने 2000 ते 2019 या वीस वर्षांतला आकडा 12 लाख काढला, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. हे सगळे तुमच्या नावावर टाकणं खोटं ठरेल, आणि मला खोटं लिहायचं नाही. अंगणात, घरात, पावसाळ्यात राबताना माणसं दगावतात. पण बहुतेक मेलेली माणसं खेड्यातली होती, आणि अंधारात अनवाणी पायांनी पाण्यात उभं राहायला लावणारा कागद निर्दोष असूच शकत नाही.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड या भागातल्या लोकांना सापाआधी बिबट्या आठवतो. तिथल्या उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते आणि ती पिल्लं उसालाच जंगल समजून मोठी होतात. त्या उसाला पाणी कधी द्यायचं, तर तुम्ही म्हणाल तेव्हा, रात्री. बिबट्याचा हल्ला झाला की तिथले लोक रस्त्यावर उतरतात आणि पिंजऱ्यांच्या मागणीइतकीच दिवसा विजेची मागणी करतात. 2022 च्या फेब्रुवारीत राजू शेट्टी आणि त्यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने कोल्हापुरात दिवसा दहा तास विजेसाठी धरणं धरलं. पलीकडे कर्नाटकात, विजयपूर जिल्ह्यातल्या रोनिहाळच्या शेतकऱ्यांनी 2023 च्या ऑक्टोबरात शेतात सापडलेली मगर बांधून ट्रॅक्टरवर घातली आणि थेट वीज उपकेंद्रात नेऊन ठेवली. रात्री पाणी भरताना ही चावली तर काय करायचं, एवढंच त्यांनी विचारलं. तुमच्यापुढे असा पुरावा यापूर्वी कोणी ठेवला नव्हता. आमच्याकडच्या उपकेंद्रात मगर नेता येत नाही, नाहीतर नेली असती.

आणि बाया? तुम्ही तयार झालात तेव्हा शेतकरी म्हणजे पुरुष, हे धरूनच चाललात. मराठवाड्यात आणि विदर्भात नवऱ्यामागे शेती एकटीने ओढणाऱ्या बायका गावोगाव आहेत. सातबारा तिच्या नावावर, पीककर्ज तिच्या नावावर, विहिरीत पाणी आहे, मोटर चांगली आहे. पण रात्री एक वाजता तिने एकटीने शिवारात जायचं कसं? मग ती दारं धरायला गडी लावते. आमच्या शेजारच्या वस्तीवरची बाई दर पाळीला रात्रीची मजुरी मोजते आणि सकाळी जाऊन बघते तर अर्धे वाफे कोरडे, पाणी बांध फोडून ओढ्याला गेलेलं. गड्यालाही काय बोलणार, तोही माणूस आहे, त्यालाही झोप येते. वीज फुकट आहे असं तिला सांगितलं जातं. तिच्या वहीत ती फुकट नाही.

ज्यांना रात्र काढणं जमत नाही त्यांनी ऑटो स्विच बसवले. वीज आली की मोटर आपोआप चालू होते. घरी झोपता येतं, पाणी वाहतंय ते वाहतंय. या ऑटोचा परिणाम वायरमनला विचारा. रात्री वाहिनी सुरू होताच एका डीपीवरच्या, म्हणजे रोहित्रावरच्या, सगळ्या मोटरी एका क्षणी उचल खातात, फ्यूज उडतो, दाब पडतो आणि चार पाळ्यांनी डीपीच जळते. मग वर्गणी गोळा करा, ट्रॅक्टर भाड्याने घ्या, जळालेली डीपी उतरवून न्या, दुसरी मिळेपर्यंत ऊन आणि पीक यांच्याकडे बघत बसा. वरून पत्रक येतं: शेतकऱ्यांनी ऑटो स्विच काढावेत, कॅपॅसिटर बसवावेत. कॅपॅसिटरचं बरोबरच आहे, ते बसवलेच पाहिजेत. पण माणसाने झोपावं म्हणून जे यंत्र आलं ते काढायला सांगताना, त्याला झोपू द्यायची जबाबदारी पत्रक लिहिणाऱ्याने घेतली नाही.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. औष्णिक वीज केंद्र रोज रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही. दिवसा कारखाने आणि कार्यालयं, संध्याकाळी शहरांचे दिवे. मध्यरात्रीनंतर मागणी खाली येते आणि संच मात्र चालूच असतो. ती उरलेली वीज कुठे घालायची? शेतीपंपांत. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हिशेब चोख होता. मागणीचा खड्डा भरायचा होता आणि तो आमच्या झोपेने भरला. गावठाणाच्या आणि शेतीच्या वाहिन्या वेगळ्या झाल्या तेव्हा गावातल्या घरांना दिवे मिळाले, ती गोष्ट चांगलीच झाली. पण त्याच दिवशी तुम्हाला एक खटका मिळाला: गावातला दिवा न विझवता शेत बंद ठेवता येऊ लागलं. आता बोंब मारणारा राहिला फक्त बांधावर.

हा हिशेब कोळशाच्या काळातला आहे आणि तो काळ तुमच्या डोळ्यांदेखत बदलला. 2025 च्या जानेवारीअखेर देशाची सौर क्षमता 100 गिगावॅट झाली. त्याच वर्षीच्या जूनपर्यंत देशातल्या एकूण वीजक्षमतेत कोळसा, वायू आणि तेल वगळून असलेल्या स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजूनही सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळसाच आहे, कारण सूर्य मावळल्यावर दुसरं फारसं काही हाताशी नसतं. दुपारी वीज मुबलक आणि स्वस्त, रात्री ओढाताण. केंद्राने 2023 साली नियमांत दुरुस्ती करून सौर तासांतली वीज ग्राहकांना नेहमीपेक्षा कमी दराने द्यायला सांगितली, ती याचसाठी. म्हणजे खड्डा आता मध्यरात्री राहिला नाही. तो दुपारी आला. आणि तुम्ही अजून आम्हाला रात्री बोलावता.

इथे तुमचं अडाणीपण उघडं पडतं. विकसनशील देशांपुढचा मोठा पेच हाच आहे की सूर्याची वीज दिवसा मिळते, लागते मात्र संध्याकाळी, आणि बॅटऱ्यांत साठवायची तर पैसा पाहिजे. घरातला दिवा दुपारी लावून उपयोग नाही. दवाखाना फक्त दुपारी चालवता येत नाही. या सगळ्या मागण्यांत अशी एक प्रचंड मागणी आहे, जी बॅटरीशिवाय पूर्णपणे उन्हात नेता येते: शेतीचं पाणी. ऊन जितकं कडक तितकी पिकाला तहान जास्त आणि त्याच वेळी पॅनेलची वीजही जास्त. महाराष्ट्रात 40 लाखांहून जास्त कृषीपंप आहेत. एवढी मोठी सोय दुसऱ्या कुठल्या देशाला मिळाली असती तर त्याने ती आधी वापरली असती. इथे आधी तुम्ही होता, म्हणून ती मागे राहिली.

वाट दिसत नव्हती असं म्हणू नका. 2017 साली राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी इथून सुरुवात झाली. कल्पना सरळ: शेतीच्या उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारायचा, त्याची वीज त्याच वाहिनीत सोडायची. वीज लांबून आणावी लागत नाही म्हणून गळती कमी, आणि सूर्य असताना पंप चालतात म्हणून रात्र सुटते. त्या पहिल्या फेरीला गती आली नाही. 2023 साली योजनेचा दुसरा टप्पा आला. प्रकल्पासाठी खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये भाडं आणि दरवर्षी 3 टक्के वाढ. वीज युनिटला 3 रुपयांच्या आसपास. 2024 च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी वाशिमला कार्यक्रमात राज्यातले पाच सौर प्रकल्प देशाला अर्पण केले, त्यांची क्षमता मिळून 19 मेगावॅट. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा 3 मेगावॅटचा प्रकल्प या टप्प्यातल्या पहिल्यांपैकी. ज्या वाहिन्यांना दिवसा वीज आली तिथल्या माणसांना जाऊन भेटा. तुम्ही तिथे भिंतीवर उरला नाहीत याचं कोणाला वाईट वाटलेलं नाही. शेजारी गुजरातने तर 2020 च्या ऑक्टोबरातच किसान सूर्योदय योजना जाहीर केली: पहाटे 5 ते रात्री 9 या वेळातच शेतीला थ्री फेज वीज, आणि त्यासाठी वाहिन्या वाढवायला वेगळा पैसा.

पण तुम्ही चिवट आहात. पुढच्या दाराने हाकललं तर मागच्या दाराने येता, आणि मागची दारं बरीच आहेत.

पहिलं दार आहे एकेकट्या सौरपंपाचं. मागेल त्याला सौर कृषी पंप ही राज्याच्या योजनेची घोषणा कानाला गोड आहे आणि ज्याची विहीर चाळीस-पन्नास फुटांवर भरलेली आहे त्याच्यासाठी पंप खरोखर चांगला आहे. दहा टक्के हिस्सा भरून तो रात्रीतून सुटतो. पण नियम असा की अडीच एकरापर्यंत 3 अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत 5, त्याच्या वर साडेसात. हा नियम सातबारा बघतो, बोअर बघत नाही. मराठवाड्यातल्या पाच-सहाशे फूट खोल बोअरवर तो पंप धापा टाकतो. ढगाळ दिवस आला, पाळी चुकली. पॅनेल चोरीला गेलं, वादळात वाकलं, कंट्रोलर बंद पडला की पुरवठादाराचा माणूस तालुक्याला कधी येतो ते कोणी सांगत नाही. पाच वर्षांची हमी कागदावर असते. पिकाला कागद पाजता येत नाही. अशा शेतकऱ्याने विजेची जोडणीच हवी म्हटलं तर तो सुधारणेचा विरोधक ठरतो. तो विरोधक नाही. त्याला सूर्याची वीज हवी आहे, पण वाहिनीतून, डीपीतून, दिवसा.

दुसरं दार पाण्याचं, आणि तिथे मी आमच्या लोकांनाही सोडणार नाही. उन्हाला बिल नाही. पंप सकाळी चालू केला की संध्याकाळपर्यंत चालू ठेवायचा मोह होतो, आणि भूजल आधीच खाली गेलेलं आहे. ही भीती खरी आहे. पण तिचं उत्तरही आहे. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात 2016 साली काही शेतकऱ्यांनी आपल्या सौरपंपांची सहकारी संस्था काढली आणि जास्तीची वीज ग्रीडला विकायला सुरुवात केली. पाणी कमी उपसलं तर वीज विकून पैसे मिळतात, असं झालं की माणूस आपणहून मोटर बंद करतो. वाहिनीवरच्या सौर प्रकल्पात तर ठरलेले तास तसेच राहतात, फक्त ते रात्रीचे दिवसात येतात. माणूस जागा आणि शुद्धीवर असतो, पाणी बांध फोडून जात नाही. पाण्याची भीती दाखवून रात्र टिकवणाऱ्यांनी रात्रीच्या ऑटोने वाहून गेलेलं पाणी एकदा मोजावं.

तिसरं दार जमिनीचं. योजना सरकारी जमीन आधी शोधते आणि गावात सरकारी जमीन म्हणजे गायरान. कागदावर ते रिकामं दिसतं. प्रत्यक्षात तिथे गुरं चरतात, आणि मराठवाड्यात कित्येक भूमिहीन दलित कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन कसून पोट भरत आहेत, नावावर व्हावी म्हणून झगडत आहेत. त्यांच्या वहितीवर एके सकाळी खांब रोवले गेले तर ते आडवे येणारच, आणि त्यांनी यावंच. एका गरिबाची रात्र सोडवायला दुसऱ्या गरिबाची भाकरी घेऊ नका. खडकाळ, पडीक, खासगी जमीन भाड्याने मिळते. ती वाट थोडी महाग आहे, तिचा खर्च राज्याने उचलावा.

चौथं दार पैशाचं, सगळ्यात मोठं. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे 44 लाख शेतकऱ्यांचं बिल राज्य भरतं. त्यासाठी वर्षाला 14,760 कोटी रुपयांची तरतूद सांगितली गेली. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, मी नाकारत नाही. पण हा पैसा महागड्या विजेची किंमत म्हणून दरवर्षी जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा लागतो. शेतीच्या विजेचा उरलेला भार उद्योगांच्या दरात मिसळतो, उद्योग स्वतःचं सौर छप्पर बसवून बाहेर पडतो आणि मागे राहिलेल्यांवर बोजा वाढतो. पाकिस्तानात हे दिसलं. 2024 साली तिथे चीनमधून सुमारे 17 गिगावॅटची सौर पॅनेल आली. महागड्या विजेला कंटाळलेल्या घरांनी, कारखान्यांनी, ट्यूबवेलवाल्या शेतकऱ्यांनी आपापली सोय केली आणि ग्रीडचा खर्च उरलेल्या ग्राहकांच्या गळ्यात पडला. सूर्य स्वस्त झाला म्हणून आपोआप न्याय होत नाही. वाहिनी, उपकेंद्र, वीज कंपनीचा ताळेबंद यांची डागडुजी आधी व्हावी लागते.

आणि सूर्य स्वस्त असला तरी पैसा स्वस्त नाही. सौर प्रकल्पाचा खर्च जवळजवळ सगळा पहिल्याच दिवशी करावा लागतो, पुढे इंधनाला काही नाही. त्यामुळे व्याज हीच त्याची खरी किंमत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था सांगते की उदयोन्मुख आणि विकसनशील देशांत भांडवलाचा खर्च श्रीमंत देशांच्या दुपटीहून जास्त पडतो. जगातल्या उत्तम सूर्यप्रकाशाच्या जागांपैकी साठ टक्के आफ्रिकेत असून जगाच्या सौर क्षमतेतला तिचा वाटा त्याच संस्थेने 2022 साली जेमतेम 1 टक्का मोजला, तो याचमुळे. साठ कोटी माणसं तिथे विजेविना आहेत. आपल्याकडे बँका आहेत, प्रकल्प बांधणारे आहेत, वेगळ्या केलेल्या वाहिन्या आहेत, पंप आहेत. ज्यांच्याकडे यातलं काही नाही त्यांनी थांबावं लागणं समजतं. आपण का थांबतो, ते मला समजत नाही.

म्हणून मागणी तुमच्याकडेच करते, कारण भिंत तुमच्या ताब्यात आहे. उद्यापासून त्या भिंतीवर दिवस-रात्रीच्या पाळ्यांखाली चार रकाने वाढवा. या वाहिनीसाठी सौर प्रकल्प कुठल्या गटात होणार. किती मेगावॅटचा. काम कुठवर आलं आणि अडलं असेल तर कोणामुळे. दिवसा वीज कुठल्या तारखेपासून. तारीख चुकली तर खोडून नवी लिहू नका, दोन्ही तारखा राहू द्या, लोकांना मोजता येतं. वाहिनी सौर होईपर्यंत रब्बीच्या चार महिन्यांत बिबट्याच्या आणि सर्पदंशाच्या भागांना दिवसाची पाळी आधी द्या. त्यासाठी नवा खांबही लागत नाही, फक्त तुमच्यातल्या दोन ओळी बदलाव्या लागतात. आणि ज्या वाहिनीवर बाईच्या नावाची जोडणी आहे, तिथे पाळी ठरवताना तिला एकदा विचारा.

दिवसाच्या विजेची तारीख कुठल्या उपकेंद्रावर लागते ते बघायला आम्ही येणार आहोत. दिवसा येऊ.

आपल्या वाहिनीवरची,
एक शेतकरी बाई